ड्रोनच्या काळात चिलखत कशासाठी, आणि लावायचं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही शे डॉलरचा ड्रोन लाखो डॉलरचा रणगाडा जाळतो हे २०२२ पासून आपण रोज पाहतोय, मग चिलखतावर टनावारी वजन खर्चण्यात काही अर्थ उरला आहे का? शेवटी तुम्ही असंही विचारलंय की, आठ माणसं नेणाऱ्या एखाद्या जुन्या चिलखती वाहनावर आणखी एक टन चढवायची मुभा मिळाली तर मी तो कुठे लावेन. मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे. चिलखती वाहनांची दुरुस्ती आणि कवचांच्या चाचण्या या कामात माझी पंचवीसेक वर्षं गेली. उत्तर लांबेल, पण मधले टप्पे गाळले तर शेवटचा हिशेब पटणार नाही.

आधी एक आकडेमोड. १ चौरस मीटर क्षेत्रफळाचा आणि १ सेंटीमीटर जाडीचा पोलादी पत्रा साडेअठ्ठ्याहत्तर किलो भरतो. आता ६ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि दीड मीटर उंच अशी साधी पेटी डोळ्यांसमोर आणा. तिच्या सहाही बाजू मिळून साडेपंचावन्न चौरस मीटर होतात. म्हणजे सगळीकडून फक्त १ सेंटीमीटर जाडी वाढवायची तर सव्वाचार टनांहून जास्त वजन वाढलं. आजच्या रणगाड्याच्या तोफेतून सुटणारा लांब दांड्यासारखा गोळा दोन किलोमीटरवरून ६०० मिलिमीटरहून जास्त पोलाद भेदतो. तेवढी जाडी या पेटीला सगळीकडून द्यायची म्हटली तर नुसतं कवचच २६० टनांचं होईल. आजचे सर्वांत जड रणगाडे ६५ ते ७५ टनांच्या घरात आहेत, आणि तेवढ्यालाच पूल अपुरे पडतात, चिखलात रुतलेलं वाहन ओढायला दोन-दोन रिकव्हरी वाहनं लागतात, गिअरबॉक्स वेळेआधी बसतात.

त्यामुळे चारी बाजूंनी अभेद्य असं वाहन कधी बनलं नाही आणि बनणारही नाही. प्रत्येक डिझायनर एक पैज लावतो: मार बहुतेक कुठून येईल? रणगाड्यांनी गेली ऐंशी वर्षं समोरच्या बाजूवर पैज लावली. समोरचा साधारण ६० अंशांचा पट्टा जाडजूड, बाजू त्याच्या मानाने पातळ, आणि मागची बाजू व छप्पर बहुतेकदा २० ते ४० मिलिमीटर. ही पैज हरली की काय होतं याची उदाहरणं ड्रोन येण्याच्या कितीतरी आधीची आहेत. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे समोरून चाल करून आले. भारतीय रणगाडे आणि जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफा उसाच्या उभ्या पिकाआड दबा धरून होत्या आणि जवळून, बाजूने मारा करत होत्या. हवालदार अब्दुल हमीद अशाच एका जीपवर होते. पाकिस्तानचे ९० हून अधिक रणगाडे तिथे पडले किंवा हाती लागले. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाला तर हंटर विमानांनी उघड्या वाळवंटात वरून मारा करून रणगाड्यांचा थवाच मोडला. छप्पर पातळ असतं हे सगळ्यांना ठाऊकच होतं. फरक इतकाच की तेव्हा त्या छपरापर्यंत पोहोचायला लढाऊ विमान लागायचं, आणि आज खंदकात बसलेला एक माणूस तिथपर्यंत पोहोचतो.

आता मार नेमका कसा बसतो ते पाहू, कारण याबद्दल फार चुकीची चित्रं लोकांच्या डोक्यात असतात.

पहिला प्रकार गतीच्या जोरावर भेदणारा. टंगस्टनच्या मिश्रधातूचा किंवा डिप्लीटेड युरेनियमचा, अंगठ्याएवढा जाड आणि हातभर लांब दांडा. तोफेच्या नळीत तो एका हलक्या खोळीत बसवलेला असतो. नळीतून बाहेर पडताच खोळ गळून पडते आणि दांडा सेकंदाला १,५०० ते १,८०० मीटर वेगाने पुढे जातो. यात स्फोटक अजिबात नसतं. या वेगाला दांडा आणि पोलाद दोन्ही एकमेकांना झिजवत जातात, त्यामुळे दांडा जितका लांब आणि जितका घन, तितका खोल जातो. पूर्वी तिरक्या पत्र्यावरून गोळा घसरून जायचा. सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचा समोरचा पत्रा अवघा ४५ मिलिमीटरचा होता, पण उभ्या रेषेपासून ६० अंश कलवल्यामुळे समोरून येणाऱ्या गोळ्याला ९० मिलिमीटर पार करावे लागत. पुष्कळजण सांगतात की कलामुळे वजन वाचतं. तसं होत नाही. तेवढीच उंची झाकायला कललेला पत्रा दुप्पट लांब लागतो, म्हणून वजन तेवढंच राहतं आणि आतली जागा मात्र कमी होते. कलाचा खरा फायदा गोळा घसरवण्यात आणि त्याचं टोक मोडण्यात होता, आणि आजचे लांब दांडे ६० अंशांना घसरत नाहीत. म्हणून नव्या रणगाड्यांच्या टरेटला, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाला, उभे, चौकोनी गाल दिसतात. ते बघून लोकांना डिझाइन मागे गेल्यासारखं वाटतं, पण त्या गालांच्या आत काय भरलंय त्यावर सगळं अवलंबून असतं.

दुसरा प्रकार शेप्ड चार्जचा. आरपीजी, बहुतेक रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं आणि आजच्या एफपीव्ही ड्रोनच्या (जो त्याच्यावरच्या कॅमेऱ्यातून बघत थेट लक्ष्यावर नेतात) पोटाला बांधलेली डोकी, म्हणजे स्फोटकाचे भाग, सगळी याच जातीची. स्फोटकाच्या पुढच्या भागात तांब्याचा पातळ शंकू उलटा बसवलेला असतो. स्फोट झाला की तो शंकू आतल्या आत मिटतो आणि त्यातून तांब्याची एक बारीक, लांब सळई बाहेर फेकली जाते. तिचं टोक सेकंदाला ८ ते १० किलोमीटर वेगाने जातं, शेपूट त्या मानाने बरंच हळू, म्हणून ती हवेतच ताणली जाते. हे तांबं वितळलेलं नसतं आणि ते पोलाद ‘जाळून’ भोक पाडत नाही. दाबच इतका प्रचंड असतो की पोलाद पाण्यासारखं बाजूला सरतं. १९६१ मध्ये सेवेत आलेल्या आरपीजी-७ चं पहिलं डोकं साधारण २६० मिलिमीटर पोलाद भेदायचं. कोणत्याही रणगाड्याच्या छपराला आणि कोणत्याही हलक्या वाहनाच्या चारही बाजूंना एवढं पुरून उरतं. हे साठ वर्षं जुनं डोकं आज उडायला लागलं आहे, एवढीच त्यातली नवलाई.

या दोन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि नुसती जाडी वाढवणं हा त्यातला सर्वांत कमजोर उपाय. १९६० च्या दशकात दोन ठिकाणी वेगवेगळ्या वाटांनी नवं कवच आलं. सोव्हिएत टी-६४ च्या समोरच्या पत्र्यात दोन पोलादी थरांमध्ये काचतंतूंचा थर घातला होता. ब्रिटनमध्ये चोभम कवच तयार झालं आणि १९७६ मध्ये ते जगाला कळलं. पुढे चॅलेंजर आणि एब्रम्स रणगाड्यांवर त्याचीच घराणी दिसतात. अर्जुन रणगाड्यावरचं कांचन कवचही याच विचाराचं. विचार असा की एकच जाड भिंत उभी करण्याऐवजी वेगवेगळ्या स्वभावाचे थर ठेवायचे. दोन पत्र्यांच्या मधे रबरासारखा थर असेल तर जेट, म्हणजे ती तांब्याची सळई, आत शिरताच तो फुगतो, पत्रे दोन्हीकडे ढकलले जातात आणि जेटच्या वाटेत सतत नवा धातू आडवा येत राहतो. सळई तुटली की तिचे तुकडे एकामागोमाग एका रेषेत जात नाहीत आणि भेदण्याची ताकद गेली.

हलक्या वाहनांवर सिरॅमिक जास्त कामाला येतं. अ‍ॅल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड, बोरॉन कार्बाइड. बोरॉन कार्बाइडची घनता २.५ म्हणजे पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. कठीण फरशी गोळीचा गाभा फोडते आणि मागचा अरामिड (केव्हलारसारखे मजबूत तंतू) किंवा पॉलिथिलीनचा थर तुकडे झेलतो. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात फरशी एकदा फुटली की त्या जागी दुसरी गोळी अडत नाही. आणि ती गोळीनेच फुटते असं नाही. वाहन उतरवताना क्रेनचा हूक आपटला तरी आत तडा जातो, वरचा रंग मात्र शाबूत असतो. मी तपासलेल्या कितीतरी पॅनेलमध्ये एक्स-रे काढल्यावरच तडे दिसले. सिरॅमिक लावणार असाल तर ती तपासणी आणि सुटे पॅनेल हाताशी ठेवण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

पोलादाच्या बाबतीतही असाच एक धोका आहे आणि तो कार्यशाळेतच तयार होतो. कठीण चिलखती पत्रा, समजा ५०० ब्रिनेलचा (ब्रिनेल हे कठीणतेचं माप), साधारण २०० अंशांच्या वर तापला की त्याची कठीणता उतरायला लागते. एकदा एका दाराच्या बाहेरून कुणीतरी पाण्याचा कॅन अडकवायला कंस वेल्ड केला होता. चाचणीत त्या दारावर ज्या गोळ्या अडायला हव्या होत्या त्या अडल्या, फक्त वेल्डच्या कडेने बोटभर रुंदीच्या पट्ट्यात एक आरपार गेली. वेल्ड करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. उन्हातान्हात क्रूला पाणी हाताशी हवं होतं. पण चिलखताला हात लावायचा तर बोल्टच्या मूळ जागाच वापरायच्या, नवा वेल्ड नाही, हे मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो आहे आणि अजूनही सांगतो.

मग स्फोटक विटांचं चिलखत, म्हणजे ईआरए. दोन पत्र्यांमध्ये स्फोटकाचा पातळ थर. जेट आत शिरलं की वीट फुटते आणि पत्रे उडताना जेट कापत जातात. इस्रायलने १९८२ मध्ये लेबनॉनच्या युद्धात ते पहिल्यांदा मैदानात आणलं. सोव्हिएत कोन्ताक्त-१ त्यानंतर लगेच आलं, आणि १९८० च्या दशकातच आलेल्या कोन्ताक्त-५ ने लांब दांड्यांचाही जोर कमी केला. त्यावर उतारा म्हणून टँडम डोकी निघाली: पुढचा छोटा स्फोट वीट उडवतो, मागचा मोठा भेदतो. इथे एक गोष्ट लोक विसरतात. वीट फुटते तेव्हा ती आतल्या बाजूलाही तितकंच ढकलते. रणगाड्याच्या जाड भिंतीला त्याचं काही वाटत नाही, पण पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या वाहनावर मागे मजबूत पत्रा न देता विटा लावल्या तर आपल्याच विटेने आपली भिंत आत घुसते. शिवाय बाजूला चालणाऱ्या पायदळाला उडणाऱ्या पत्र्याचा धोका राहतो.

आता मी ज्या गोष्टीकडे येतोय ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि चर्चेत तिचं नाव फार कमी निघतं: चिलखताच्या आतल्या बाजूला काय होतं. चाचणीच्या वेळी नमुना पत्र्याच्या मागे थोड्या अंतरावर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उभा करतात. आम्ही त्याला विटनेस प्लेट म्हणतो. अगदी सुरुवातीच्या दिवसांत मी एका चाचणीला हजर होतो. मार पोलादातून बाहेर आला नव्हता. समोरून पाहिलं तर कवच जिंकलं होतं. मागे जाऊन विटनेस प्लेट पाहिली तर तिची चाळण झालेली. पोलादाच्या मागच्या पृष्ठभागाचेच पापुद्रे सुटून सुसाट उडाले होते. त्या जागी माणूस बसला असता तर वाहन शाबूत आणि माणूस गेलेला, असं झालं असतं. त्या दिवसापासून मी कवचाच्या जाडीआधी त्याच्या पाठीमागे काय आहे ते विचारतो. हेच उलट बाजूनेही खरं आहे: जेट आत शिरलं तरी त्याच्या थेट रेषेत असलेलंच नष्ट होतं. बाकीचं नुकसान भोवती शंकूच्या आकारात फेकल्या जाणाऱ्या तुकड्यांनी होतं. आतून अरामिडचं किंवा पॉलिथिलीनचं अस्तर लावलं की तो शंकू अरुंद होतो. आठ माणसांपैकी सहा जखमी होण्याऐवजी दोन होतात. चौरस मीटरला दहा-वीस किलोमध्ये इतका फायदा देणारं दुसरं काही मला माहीत नाही.

मग आग. १९७३ च्या ऑक्टोबर युद्धात इस्रायली क्रू भाजण्याचं एक मोठं कारण त्यांच्या पॅटन घराण्यातल्या रणगाड्यांच्या टरेटमधलं ज्वलनशील हायड्रॉलिक तेल होतं. भोक लहान असायचं, पण दाबाखालचं तेल फवाऱ्यासारखं उडून पेटायचं. त्यातून न पेटणारं द्रव आलं, काही रणगाड्यांत टरेट फिरवायला वीज आली आणि आपोआप आग विझवणारी यंत्रणा आली, जी काही मिलिसेकंदांत ज्वाळ ओळखते आणि पाव सेकंदाच्या आत ती दाबते. मी अशी यंत्रणा बंद करून ठेवलेली वाहनं पाहिली आहेत, कारण धुळीने तिचा सेन्सर चुकीची सूचना द्यायचा आणि बाटली उगाच रिकामी व्हायची. सेन्सर पुसणं हे चिलखताच्या देखभालीतलंच काम आहे, आणि ते दर आठवड्याला व्हायला हवं.

दारूगोळा कुठे ठेवलाय याने तर जगणं-मरणं ठरतं. सोव्हिएत टी-७२ रणगाड्यात आपोआप गोळे भरणारं यंत्र टरेटच्या बरोबर खाली आहे. त्या फिरत्या चक्रात २२ गोळे आणि त्यांची दारू क्रूच्या पायाशी असते. त्यामुळे रणगाडा बुटका झाला, चौथा माणूस वाचला आणि पहिल्या टी-७२ चं वजन ४१ टनांच्या आसपास राहिलं. तो विचारपूर्वक केलेला सौदा होता. त्याची किंमत युक्रेनमध्ये टरेट आकाशात उडताना दिसली. एब्रम्समध्ये गोळे टरेटच्या मागच्या कप्प्यात असतात, मधे जाड दार असतं आणि कप्प्याच्या छपराला मुद्दाम कमजोर पत्रे दिलेले असतात. दारू पेटली तर ज्वाळ वर निघून जाते. रणगाडा लढाईतून बाद होतो, क्रू उतरून चालत जाऊ शकतो. जून २०२३ मध्ये युक्रेनमधल्या झापोरिझ्झियातल्या सुरुंगांच्या पट्ट्यात जर्मन लेपर्ड रणगाडे आणि सैनिक नेणारी अमेरिकी ब्रॅडली वाहनं अडकून पडल्याची छायाचित्रं जगभर फिरली आणि लोकांनी ‘पाश्चात्त्य चिलखत हरलं’ असं म्हटलं. मी त्याच छायाचित्रांत उघडी मागची दारं पाहत होतो. त्यातल्या बऱ्याच ब्रॅडलींतले सैनिक जिवंत बाहेर पडले. वाहनाने मार खाल्ला आणि माणसं बाहेर पडली, तर कवचाने आपलं काम केलं असं मी मानतो.

सुरुंगांचा विषय निघालाच आहे. इथलं ज्ञान रोडेशिया (आजचा झिंबाब्वे) आणि दक्षिण आफ्रिकेतून आलं. कॅस्पिरसारख्या वाहनांचा तळ व्ही अक्षरासारखा निमुळता होता. स्फोटाचा लोट सपाट तळावर आपटतो, निमुळत्या तळावरून बाजूला वळतो. तळ जमिनीपासून जितका उंच तितका आघात झपाट्याने कमी होतो. अमेरिकेने इराकमध्ये रस्त्याकडेच्या बॉम्बनी माणसं गमावल्यावर २००७ पासून अशी २० हजारांहून जास्त वाहनं बनवून घेतली. ती उंच होती, म्हणून उलटायचीही. अफगाणिस्तानच्या वाटांवर त्यांतली अनेक उलटली, आणि मग तिथल्यासाठी वेगळं, आटोपशीर वाहन काढावं लागलं. नाटोच्या ४५६९ क्रमांकाच्या मानकात पातळ्या ठरलेल्या आहेत: सुरुंगाच्या दुसऱ्या पातळीला ६ किलो स्फोटक, तिसरीला ८, चौथीला १०, गोळ्यांच्या चौथ्या पातळीला १४.५ मिलिमीटरची चिलखतभेदी गोळी २०० मीटरवरून. जाहिरातीत ‘चौथी पातळी’ एवढंच लिहिलं असेल तर लगेच विचारा: गोळीची की सुरुंगाची, आणि स्फोट चाकाखाली की पोटाखाली? यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तळ फुटला नाही तरी तो काही मिलिसेकंदांत वर उसळतो. त्यावर पाय टेकलेले असतील तर घोटे आणि नडगी मोडते, आसन तळाला बोल्ट केलेलं असेल तर पाठीचा कणा. म्हणून चांगल्या वाहनात आसनं छताला किंवा बाजूच्या भिंतीला टांगलेली असतात, पाय ठेवायची पट्टी आसनालाच जोडलेली असते आणि चार बिंदूंचा पट्टा असतो. आणि सुट्या वस्तू. एका स्फोटचाचणीत आतली सगळी रचना टिकली, पण हलक्या पट्टीने बांधलेलं अग्निशामक नळकांडं सुटून माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर बसलं. पुढची काही वर्षं मी वाहन तपासायला चढलो की आधी आतल्या वस्तू हाताने हलवून पाहायचो. अजूनही तेच करतो.

आता ड्रोन. एफपीव्हीची खरी ताकद त्याच्या डोक्यात नसून नेमकेपणात आणि संख्येत आहे. तो टरेटच्या मागे, इंजिनाच्या जाळीवर, उघड्या झाकणात शिरतो. बहुतेक वेळा आधी सुरुंगाने चेन तुटते, वाहन थांबतं, क्रू निघून जातो आणि मग एकामागून एक ड्रोन येऊन ते संपवतात. म्हणून शेवटचा व्हिडिओ बघून ‘ड्रोनने रणगाडा मारला’ म्हणणं अर्धवट आहे. यावर पिंजरे निघाले. रशियाने लावले, युक्रेनने लावले, ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलच्या मेरकावा रणगाड्यांवरही दिसले. २०२४ मध्ये तर पूर्ण रणगाडा पत्र्याच्या शेडखाली झाकलेला दिसू लागला. पिंजऱ्याबद्दल मी एक सावधगिरी सांगतो. शेप्ड चार्जला काम करायला थोडं अंतर लागतंच, आणि पुष्कळ डोक्यांना ते कमीच मिळालेलं असतं. पिंजऱ्याने ३० सेंटीमीटर अंतर वाढवलं तर कधी कधी जेट आणखी चांगलं बनतं. सळ्यांच्या पिंजऱ्याचा मूळ उपयोग आरपीजीचं नाक चेपून त्याचा फ्यूज निकामी करण्यात आहे. नाक सळीवरच आदळलं तर तो उपयोग होत नाही. ड्रोनच्या बाबतीत जाळी त्याला अडकवते किंवा लांबवर फोडते, आणि ते अंतर मीटरभराहून बरंच जास्त असेल तरच जेट विस्कटतं. शेडने टरेट फिरेना, कमांडरला दिसेना, आग लागल्यावर झाकण उघडेना, असं होत असेल तर तो पिंजरा माझ्या नजरेत नापास.

येणारा मार हवेतच पाडणाऱ्या यंत्रणाही आहेत. सोव्हिएत द्रोज्द १९८० च्या दशकात टी-५५ वर बसली. इस्रायलच्या ट्रॉफीने मार्च २०११ मध्ये गाझाच्या सीमेवर लढाईत पहिल्यांदा रणगाडाभेदी अस्त्र पाडलं. ती उत्तम यंत्रणा आहे. पण तिच्याकडे मोजकेच वार असतात, डोक्यावरून सरळ खाली येणारं पकडायला तिची मूळ रचना नव्हती, आणि १,६०० मीटर वेगाच्या दांड्यापुढे तिचा फारसा इलाज चालत नाही. रेडिओ जॅमरने कित्येक ड्रोन पडतात; काचतंतूच्या तारेवर उडणारे ड्रोन आल्यावर तोही पुरेसा राहिला नाही. प्रत्येक थर थोडा थोडा मार कमी करतो. शेवटी जे उरतं ते पोलाद, अस्तर आणि आसनच झेलतात. चिलखत काढून टाका म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की युद्धात सर्वांत जास्त माणसं कशाने पडतात? तोफखान्याच्या गोळ्यांच्या आणि बॉम्बच्या तुकड्यांनी. ते अडवायला १५-२० मिलिमीटर पोलाद बऱ्याचदा पुरतं, आणि उघड्या ट्रकमध्ये तेवढंही नसतं.

तर तुमचा एक टन. आठ माणसांचं जुनं वाहन, इंजिन आणि सस्पेन्शन तेच. बाहेरून पोलाद चढवायचा मोह होईल; पेटीच्या हिशेबाने एक टनात सगळीकडून अडीच मिलिमीटरसुद्धा येत नाही. म्हणून बाहेर जवळजवळ काहीच नाही. माणसांच्या कप्प्याला बाजूंनी आणि छताला अस्तर: १५ चौरस मीटर, चौरस मीटरला १५ किलो, झाले २२५ किलो. आठ टांगती आसनं, प्रत्येक जुन्यापेक्षा २० किलोने जड धरली तर १६०. इंधनाची टाकी आणि दारूगोळा माणसांपासून वेगळा करणारी भिंत, आग विझवणारी यंत्रणा आणि सगळ्या सुट्या वस्तूंना पक्के कप्पे, मिळून १५०. धूर सोडणारी नळकांडी आणि जॅमर, १००. छपरावर आणि इंजिनाच्या जाळीवर उंच उचललेली हलकी जाळी, झाकणं पूर्ण उघडतील अशी, २००. सगळे मिळून ८३५ झाले.

उरलेले १६५ किलो मी लावणार नाही. वाहन मैदानात गेलं की क्रू वाळूच्या गोण्या, जादा पाणी, जादा गोळ्या, तुटलेल्या चेनच्या सुट्या कड्या चढवतोच, आणि तो ते का चढवतो हे मला माहीत आहे. ते वजन आधीच त्यांच्या नावावर मोकळं ठेवलेलं असलं की सस्पेन्शनचे टॉर्शन बार तुटत नाहीत, आणि गोळीबारातून मागे सरकायची वेळ आली तेव्हा वाहन हलतं.